लिटरभर

सामना पाचला. लाल माती दोनदा शिंपडली
तरी तळवे भाजतात.
एका अंगाला यंत्रमागांचा खडखडाट,
दुसरीकडं बिडी कारखान्याची भिंत.
अक्कलकोटच्या मुली गुडघ्याला पट्ट्या बांधतायत.

पण आधी पाणी.
आरेफा मधल्या पाटीवर स्टूल ठेवते,
मी स्टीलचा जग उंच धरते, सगळ्यांना दिसेल असा.
हे लिटरभर. उकळून गार केलेलं.
साखर सहा चमचे, सपाट,
वरचा ढीग बोटानं पुसायचा.
मीठ अर्धा चमचा.
ढवळून चाखायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं
तर ओतून द्यायचं, नव्यानं करायचं.

गाजुल सर माइकवर आधी मराठीत, मग तेलुगूत,
आरेफा उर्दूत.
‘खेळा की बे! स्वैपाक शिकाया आलो का?’
मागनं कोणीतरी ओरडतं. लोक हसतात.
आम्हीही हसतो, सवय झालीय.
कन्नडला कोणी नव्हतं आमच्याकडं.
अक्कलकोटची कप्तान महानंदा आपण होऊन उठली,
माइक घेतला, सगळं सांगितलं.
तेव्हा कळलं, मिठाला तिच्याकडंही उप्पुच म्हणतात.

मग खेळ.
आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं,
मागचं कुणालाच दिसत नाही.
पाठीवर हात पडतो, कानात खो येतो,
त्या क्षणी उठायचं.
कोणाची चूक, कोणी आधी सांगायला हवं होतं,
हे बसल्या जागी ठरवत राहिलं
की समोरची निसटते.

तीन वर्षांपूर्वी
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ आला.
निळं पिंप भरलं, झाकण फुटकं.
मंगळवारी वेणूला जुलाब सुरू झाले. अकरा महिन्यांचा.
शेजारची म्हणाली, पाणी देऊ नको, आणखी होईल.
अम्मानं नाही दिलं.
हजार बिड्या वळायच्या होत्या, सूप मांडीवर,
पाय पाळण्याच्या दोरीत.
साखर घरात होती. मीठ होतं.
डब्यावर डबा, फळीवर, पाळण्यापासून चार पावलांवर.

त्या दिवशी शाळेची फायनल.
मी साडेचार मिनिटं कोणाच्या हाती लागले नाही,
खांबाला वळसे घालत, हुलकावण्या देत.
बक्षीस घेऊन नाचत घरी आले.
वेणूची टाळू आत गेली होती, रुपयाएवढा खड्डा.
पोटाची कातडी चिमटीत धरली
तर सोडल्यावरही तशीच उभी.
रिक्षा सिव्हिलच्या फाटकापर्यंत पोचली.

बक्षीस हाच जग.
बुडाशी कोरलंय: उत्कृष्ट संरक्षक.
लिटरभर बरोबर मावतं, मी मोजलंय.

अम्मा सामना बघायला येत नाही.
जगातून कधी पाणी पीत नाही.
शनिवारी रात्री मात्र चिंच घेऊन बसते,
घासघास घासते,
ओट्यावर उपडा ठेवते.
आम्ही त्यावर बोलत नाही.

आज आम्ही हरलो, सात गुणांनी.
लोक पांगले. भेळवाला कंदील लावत होता.
एक बाई थांबली, कडेवर पोर, तोंडात पदराचं टोक चघळणारं.
‘मीठ अर्धा म्हणालीस का दीड?’
अर्धा, मी म्हणाले. अर्धाच. दीड झालं तर घात.
चमचा तिच्या हातात दिला, तिनं भरला, मी बोटानं पुसला.
दवाखान्यात पुडीच मिळते, फुकट.
झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.
अंगावरचं दूध तोडू नका.
बाळ डोळे ओढल्यासारखं दिसलं, पाणी प्यायचं थांबलं,
तर कोणाला विचारत बसू नका. निघा.

ती बोटं मोजत ऐकत होती.
‘साखर नसली तर गूळ चालंल?’
मी सरांकडं पाहिलं, सरांनी आरेफाकडं.
‘नर्सबाईंना विचारून सांगतो,’ सर म्हणाले,
तिचं नाव, गल्ली गुणपत्रिकेच्या मागं लिहून घेतली.
पुढच्या रविवारी वळसंग.
‘जग विसरू नको गं,’ सर म्हणतात दरवेळी.
दरवेळी मी हो म्हणते.