ओलीची हद्द

पहिला डाग उशाशी होता, पुढच्या खिडकीखाली,
रुपयाएवढा.
मी पेन्सिलीने त्याची कड आखली, तारीख घातली: सात जुलै.
पणजीच्या सर्व्हे खात्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी काढल्या,
हात गप्प बसत नाही.

अकरा तारखेला तो पापडाएवढा झाला.
अठराला शेजारची फळी घेतली,
एकही कागद न दाखवता.

कॅरॅव्हॅन आम्ही हरमलच्या एका फ्रेंच माणसाकडून घेतली.
दिवाडीत तिला कुणी कॅरॅव्हॅन म्हणत नाही.
चाकांचं घर म्हणतात. फेरीबोटवाला म्हणतो, तो डबा.
रायबंदरला ती बोटीत चढवताना
सहा स्कूटर खोळंबल्या,
आणि एक पोदेर, भोंगा वाजवत, गरम पाव थंड होत असलेला.
रोहिदास म्हणाला होता: निवृत्त झालो की थेट कन्याकुमारी.
अजून आम्ही दारातल्या फणसाखालीच आहोत.

जिथे डाग, तिथे त्याने सिलिकॉन भरलं.
पाच नळ्या.
खिडकीभोवती लग्नाच्या केकसारखी नक्षी उठली.
डाग वाढत राहिला,
मी रेघा ओढत राहिले.
मग त्या विषयावर बोलणं थांबलं,
आणि हळूहळू बाकीच्याही.

काजितान मेस्त आला तो काठी टेकत.
आयुष्यभर होड्या बांधल्या; आता गुडघे गेले,
होड्याही फायबरच्या झाल्या.
त्याने अंगठ्याने भिंत दाबली,
वैद्य पोट दाबतो तशी, माझ्या तोंडाकडे बघत.
चष्मा कपाळावर चढवून रेघा वाचल्या, तारखांसकट.
म्हणाला, "बाये, हें हांगाचें उदक न्हय."

त्याचं बोट वर गेलं, छताच्या कडेने मागे, आणखी मागे.
मागच्या दिव्याचा एक गंजका स्क्रू.
डोक्याशी दिसणारं पाणी पायथ्याशी शिरलं होतं,
आणि गाडीचं नाक खाली म्हणून
पत्र्याआडच्या लाकडी चौकटीला धरून
बारा फूट सावकाश चालत आलं होतं.

आधी काढायचं, लावायचं मग, काजितान म्हणाला.
दोन दिवस रोहिदास शिडीवर,
बांबूच्या चिपेने स्वतःच्याच पाच नळ्या खरवडत.
ॲल्युमिनियमची पट्टी उचलली तर खालचा जुना लांबीचा थर खडूसारखा,
आणि लाकूड
भिजल्या खाज्यासारखं बोटात आलं.

तो लगेच नवं बसवायला निघाला होता.
"ओल कोंडून वर बूच मारलंस
तर आतलं लाकूड तुला शिव्या देत कुजेल."
पाच दिवस पंखा, शंभरचा बल्ब,
श्रावणातली उघडीप येईल तेवढी.
मग सागाचा तुकडा, काळी चिकट पट्टी,
प्रत्येक स्क्रू नवा, न गंजणारा,
आवळताना कडेने काळा चिकटा बाहेर येईपर्यंत.
होडीत काथ्या नि राळ ठासायचो तसंच, तो म्हणाला,
फक्त होडीला पाणी खालून खातं, तुमच्या घराला वरून.
शेवटी पुढून जॅक लावून नाक चार बोटं उचललं,
छतावर पाण्याने बसू नये, जावं.

परीक्षेला रोहिदास शिडीवर, हातात नळी.
मी आत, पाठीवर पडून, टॉर्च घेऊन.
आलं?
नाही.
आता?
नाही रे.
डावीकडे बघ. बघितलं. मग?
कोरडं.
महिनाभरात आम्ही इतकं बोललो नव्हतो.

जाताना काजितानने बजावलं:
दर वर्षी मे महिन्यात सगळे कोपरे अंगठ्याने दाबायचे,
डाग दिसायची वाट बघायची नाही.
रेघा मी पुसल्या नाहीत. शेवटची दोन ऑगस्टची.
वॉलपेपर लावू, रोहिदास म्हणाला.
राहू दे म्हटलं.

काल रात्री तीनला सर आली, फणसाची पानं छतावर आपटली.
अंधारातच हात लांब करून
मी त्या शेवटच्या रेघेवर अंगठा टेकवला.
तिथे दुसरा अंगठा आधीच होता.