कडी

थर्कटल म्हातारा शेड उघडतो, आधी कुलपालाच तेल पाजतो.
थेटफर्डजवळच्या बीटाच्या वावरात नांगराला अडकलेली वस्तू
पोत्यावर. विटेएवढी, पण उचलताना
मनगटाला कळतं, वीट नव्हे.

"रणगाड्याच्या पट्ट्याची कडी. कुठल्या, ते बघू."
लोहचुंबक लावतो. चिकटत नाही.
मग लोखंड नाहीच, मी म्हणते.
तो हसतो. मँगनीजचं पोलाद,
चुंबकाला दाद न देणारं,
मार खाईल तितकं कठीण होणारं.

बादलीत पाणी, माझ्या घरचा धुण्याचा सोडा,
गाडीचा चार्जर. एका तारेला कडी,
दुसरीला मोडकं फावडं:
हे झिजेल तेव्हा ती सुटेल.
रात्रभर बुडबुडे.
सकाळी पाण्यावर तपकिरी साय, फावड्याला भोकं.

खोबणीतून टोकरून काढतो आकडे:
एक, चार, पुढचा तीन की आठ,
ओतशाळेची दोन अक्षरं.
आणि कडेला एक खळगा.
साच्याच्या ओल्या वाळूत कुणाचं तरी बोट टेकलेलं.

"तेव्हा साचे पोरी भरायच्या," तो म्हणतो.
त्याचं बोट आत मावत नाही. "तुझं बघ."
माझंही जरा मोठंच पडतं.

खडकीच्या कारखान्यातले माझे बाबा
खंडेनवमीला लेथला हळदकुंकू वाहायचे.
हे सांगावं म्हणते, पण तो मेण लावतोय,
त्या खळग्यावरून कापड दोनदा फिरवतोय,
आणि वहीत वजनाचा रकाना
कोराच.