पाणसळ

सोलोलाकीतल्या या घराची जमीन
पूर्वेकडे चार बोटं खचलेली.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबतो
आणि फ्रेम डोळ्यांना कलतीच दिसते.

नेस्तान म्हणते, यंत्र खोटं बोलत नाही.
वाझा तोंडातले खिळे न काढता पुटपुटतो,
लोक काय पाणसळ घेऊन येणार आहेत?

सोळा फोटो. पंधरा तिच्या म्हणण्याने लागले,
सोळावा, भट्टीवाल्याचा, वाझाच्या नजरेने.
मी काचांवरचे बोटांचे ठसे पुसत राहिलो,
बहुतेक माझेच.

सहाला दार उघडलं. वाईन, ओले कोट.
कुणी किंमत विचारली, कुणी बाथरूम कुठे.
मग बाहीला पीठ लागलेला एक म्हातारा
काचेतल्या आपल्या तरुण चेहऱ्याकडे न बघता
पाठीमागच्या भट्टीपाशी वाकला,
मान जराशी तिरकी करून.

"सरळ केलीत की हिला," म्हणाला,
"भूकंपानंतर डावीकडे झुकली होती.
शोती त्याच अंगाला करपायची.
बायको तेवढीच मागून घ्यायची, करपलेली."

वाझाने खिशात हात घातले.
नेस्तान स्टूल शोधायला गेली.