धोटा

अक्कलकोट रोडला, बंद कारखान्यामागं
अंबादास बसतो. ओठ फुटलेले,
काचेच्या नळीनं भाजलेले.
नळीला लावायचं रबर देते मी, मलम देते,
निरोधची पाकिटं. तो मोजतो.
"चारच?"
आणखी दोन.

"सोड म्हणत न्हाईस, अक्का?"
"म्हटलं असतं, तर आज दिसला असतास का?"

माझा बाप धोट्याच्या भोकातून
सूत तोंडानं ओढायचा.
एकच धोटा. तीन पाळ्या, तीन तोंडं.
तिघंही खोकत गेले.
विणणं सोडा, असं कुणी म्हटलं नाही.
धोटा आपापला ठेवा,
हेही नाही.

अंबादास रबर चढवतो.
शेजारचा हात पुढं करतो, नळी मागतो.
तो माझ्याकडं बघतो.
मी पिशवीतून दुसरी काढते.

"रक्त कधी तपासायचं?"
"मंगळवारी. सिव्हिलच्या दारात थांबते."
"च्या पाजशील?"