वारं

सगळे म्हणाले, अण्णांच्या अंगावरून वारं गेलं.
रत्नाकाकू उंबऱ्यातूनच म्हणाली, रिक्षावाला म्हणाला,
सीपीआरच्या दारात स्ट्रेचर ओढणारा
न विचारताच म्हणाला: डावी बाजू ना? वारंच.

भूपाल मगदूम, वय शहात्तर.
डावा हात लुळा, डावा पाय दगड.
कागदावर लिहायला एवढं पुरलं.

अण्णा मात्र शिव्या देत होते,
स्पष्ट, जोडाक्षरांसकट,
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर कमावलेल्या.
तोंड जराही वाकडं नव्हतं.
"मान," म्हणाले, "शिंकलो नि मानंत काय तर तटकन तुटलं बघ."
मी म्हटलं, बोलू नका, दम लागेल.
रिक्षात पुन्हा म्हणाले, मान.
तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी आधारकार्ड शोधत होते.

डोक्याचा फोटो स्वच्छ आला.
सुरुवातीला तसाच येतो, म्हणाले.
गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरायला घेतलं,
मुदतीला पन्नास मिनिटं उरलेली.

तेवढ्यात चहा सांडला.
माझ्याच हातून, कडकडीत,
अण्णांच्या उजव्या पायावर. धडधाकट पायावर.
मी किंचाळले.
अण्णा म्हणाले, काय झालं?

गडहिंग्लजची ती शिकाऊ डॉक्टर,
दोन रात्रींची जागी, केसांत पेन खोचलेलं,
लाल होत चाललेल्या कातडीकडे बघत राहिली.
माझ्या डब्यातला चमचा गार पाण्यात बुडवून
तिनं एका पोटरीला लावला, मग दुसऱ्या.
"डावीकडं गार. उजवीकडं नुसतं काय तरी लागतंय."
मग तिनं ते विचारलं:
"आजोबा, मान कधीपासून दुखतीय?"

इंजेक्शन ट्रेमध्ये परत गेलं.
दिलं असतं तर, ती नंतर जिन्यात म्हणाली,
आणि वाक्य पुरं केलं नाही.
रक्त साकळलं होतं मणक्याच्या नळीत,
करंगळीच्या पेराएवढं.

"घरघर चकात ऐकू येती, खोट असती बेअरिंगात,"
अण्णा शुद्धीवर येऊन म्हणाले,
"पहिल्या वर्षाचं पोरगं बी सांगंल."

रत्नाकाकू अजून सांगत फिरते, वारं गेलं होतं.

आंघोळीला बसताना आता
ते डावा पाय हातानं उचलून आधी बादलीत घालतात.
चालतो त्या पायाला कळत नाही,
कळतं त्या पायाला चालवत नाही.
क्षणभर थांबतात,
चकवर कान ठेवल्यासारखे.
"जरा गार ओत," म्हणतात.
मी ओतते.