सामायिक विहीर

नवतप्याचा चौथा दिवस. कूलरची मोटर
पाण्याविना कुरकुरते आहे, मी उठत नाही.
पेपरात आतल्या पानावर चार ओळी :
दूरच्या कुठल्याशा थंड शहरात
देश रात्रभर बसले आणि एका शब्दावर उठले.
शब्द कोणता, ते छापलेलं नाही.
मला विचारा.
तीस वर्षं पटवारी होतो, बोरखेडी साझा.
शब्दावर उठलेली माणसं मी पाहिली आहेत.

गट नंबर एकशे बारा. इतर हक्कात नोंद :
विहीर सामायिक.
आठ आणे डोमाजी, आठ आणे कवडू, सख्खे भाऊ.
आणे कागदावर. पाण्यावर आधी डोमाजीचं इंजिन आलं,
कवडू तेव्हा चड्डीत होता.
बावीस वर्षं भकभक, भकभक.
संत्र्याची तीनशे झाडं, घरावर स्लॅब,
पोरगा नागपूरला इंजिनिअर.
कवडू मोटेवर.

मग कवडूच्या बांधाशी विजेचा खांब आला.
त्यानं मोटर बसवली, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात
विहिरीनं तळ दाखवला.
डोमाजी धुतलेली टोपी घालून माझ्याकडे :
‘साहेब, विहीर दोघायची हाय.
आता दोघंबी सारखंच उपसू.
रोज एक-एक तास.’
कवडू उभाच होता. म्हणाला,
‘अन् याचे बावीस वर्षांचे तास
कोन्त्या वहीत हायेत?’

गाव नमुने एकवीस.
पीक आहे, पाहणी आहे, झाडं आहेत, वसुली आहे.
उपशाचा नमुना नाही.
ऊन चढत होतं. तहसीलची जीप यायची होती.
मी लिहिलं : ‘उभयतांनी समान.’
एक सही. एक अंगठा.

त्या कागदावर सगुणाबाई नाही.
खालच्या अंगाला तिची झोपडी,
हिस्सा नाही, मोटर नाही, एक दोर.
पाणी उतरेल तसा ती दोर वाढवायची,
जुन्या लुगड्याचे काठ गाठी मारून.
पंचनाम्याच्या दिवशी ती काठावरच होती.
मी तिला बाजूला सरकायला सांगितलं,
टेप नीट धरता येईना म्हणून.

सकाळी फिरायला जाताना उपगडे साहेब म्हणतात,
‘आपण कवडू आहोत हो. त्यांनी आधी
बावीस वर्षांचा हिशेब द्यावा, मग बोलू.’
खरं आहे. शंभर टक्के खरं आहे.
त्यांच्या घरात तीन एसी आहेत, माझ्याकडे एक,
वर हा कूलर.
गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
वीज तारांवरून कुठे कुठे निघून जाते,
राख मात्र लांब जात नाही,
बाजूच्या गावातल्या वाळवणावर बसते,
पापडावर, तान्ह्याच्या दुपट्यावर.
तिथलं कोणी कधी म्हणालं नाही की आम्ही कवडू.
त्यांच्या हातात अजून दोरच आहे,
आणि त्यांच्या नावानं
आपण किती तास मोटर चालवली?

कवडूनं केस सोडली नाही.
तहसील, प्रांत, मग कलेक्टर कचेरीचा व्हरांडा,
मरेपर्यंत तारखा. एकच मागणी :
समान खोडा, तास मोजा.
पण त्याच उन्हाळ्यात मी एकदा
अवेळी त्या बांधावरून आलो होतो.
त्याचा एक तास चालू होता,
आणि पाणी त्याच्या वाफ्यात जात नव्हतं.
झोपडीशी मातीचा कच्चा हौद, तो भरत होता.
अर्धा भरला तशी त्यानं बारी फिरवली.
मला पाहून म्हणाला,
‘हे डोमाजीच्या हिशेबात धरू नका, साहेब.
त्याचं त्याच्याकडून घेईनच.’

त्या हौदाची नोंद कुठे नाही.
नमुना नव्हता, हे एक.
दुसरं, मला कोणी मागितली नाही.