जुनी चिठ्ठी काढायची नाही

मी झाडं शिवते.
धायरीच्या बसमध्ये कुणी विचारलं, काय काम करता,
तर एवढंच सांगते. पुढचं त्यांना खोटं वाटतं.

जाड पांढरा कागद, चाळीस नंबरचा दोरा,
जुन्या वर्तमानपत्रात दाबून आलेली फांदी.
मादागास्करचा गुलमोहर, विद्यापीठाच्या फाटकापाशी तोडलेला.
ब्राझीलची कुठलीशी वेल, एम्प्रेस गार्डनच्या कुंपणावरची.
आणि वेताळ टेकडीवरून पोतंभर गिरिपुष्प,
ज्याला आम्ही उंदीरमारी म्हणतो आणि तोंड वाकडं करतो.
देठाशी दोन टाके, शेंड्याशी एक.
एक तरी पान उलटं शिवायचं, त्याची पाठ दिसली पाहिजे.
खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी:
कुल, प्रजाती, जाती, गाव, तारीख, तोडणाऱ्याचं नाव.
शिवणाऱ्याचं नसतं.

वीस वर्षांत कुळं फार फिरली.
काटेसावरीचं वेगळं घराणं होतं, बारा नंबरचं कपाट.
एक दिवस हुकूम आला: सावर, गोरखचिंच,
सगळी भेंडीच्या घरात न्या.
मी आणि शिपाई गंगावणे, दोघांनी गठ्ठे ओढले.
गंगावणे म्हणाला, एवढं धिप्पाड आफ्रिकेचं झाड
आणि भेंडीचं भाऊबंद?
उपासनी मॅडम म्हणाल्या, नातं आधीही होतं हो,
आपल्याला उशिरा कळलं.

मग बाभळीची पाळी.
अकेशिया. मुळात ग्रीक, म्हणे काट्यावरून आलेलं.
परदेशात कुठे सभा भरली, हात वर झाले,
नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे गेलं.
ती आपल्याकडे रस्त्याकडेला लावलीत ना, कोयत्यासारख्या पानांची,
अंगावर नावाला काटा नाही. नाव मात्र काट्याचं, तेही त्यांना.
आपल्या बाभळीला नवीन: व्हॅचेलिया.
दोनशे चौदा कागद टेबलावर उतरवले.
त्यातला एक, गाव मुठा, साल अठ्ठावन्न.
उचलताना बोटात गेला.
काटा माझ्या जन्माआधीचा, रक्त आत्ताचं.

विचारलं, जुनी चिठ्ठी खरवडून काढू?
मॅडमनी चष्मा कपाळावर नेला.
कधीच नाही. चुकीची असली तरी नाही.
नवी तिच्या शेजारी लावायची, तारीख घालून, सही करून.
पुढे कुणाला पटलं नाही तर तो तिसरी लावेल.
म्हणून तर कागदावर जागा सोडतो आपण.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सत्तर लावल्या.
एकाहत्तराव्याला ताटातले तांदूळ आठवले.
अंगठीने लिहिलं होतं त्यांनी: शैलजा.
अक्षर बरं होतं. मग ते तांदूळ
कुणीतरी डब्यात ओतले असतील, शिजलेही असतील.
त्याआधीची एकवीस वर्षं मी द्वारका होते,
द्वारका मारणे, गाव मुठा.
ते रेशनकार्डावर नाही, पासबुकात नाही,
आई गेल्यापासून कुणाच्या तोंडी नाही.
माझ्या कागदावर जागा सोडली नव्हती कुणी.
तक्रार नाही. शैलजा आता अंगाला बसलंय,
हाक आली की मान आपोआप वळते.

दुपारी एक कोरी चिठ्ठी उरली.
पेन्सिलने लिहिलं: द्वारका मारणे.
खाली: सध्या शैलजा दारवटकर.
सरकारी कागदावर कशी लावू?
दोऱ्याच्या डब्याच्या झाकणात, आतून, डिंकाने लावली.
चहा घेऊन आलेल्या गंगावणेने वाचली.
आता काहीतरी बोलेल, असं वाटलं.
तो म्हणाला, बाई, तारीख राहिली.

तारीख घातली.
मग खैराचा गठ्ठा सोडला.
त्याचंही नाव बदललंय.